एका मोटारीचें चरित्र : मिलेचेंतो ते पद्मिनी

राजेरजवाड्यांचीं, सेनापतींचीं आणि साधुसंतांचीं चरित्रें लिहिण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. यंत्रांचीं चरित्रें लिहिण्याची मात्र फारशी नाहीं. वस्तुतः एखादें यंत्र देशोदेशीं कसें गेलें, कोठें रुजलें, कोठें लवकर म्हातारें ठरलें आणि कोठें अपेक्षेपेक्षां अधिक काळ जगलें, हें पाहूं गेल्यास त्या त्या समाजाच्या मनाचा व खिशाचा ठाव राजकीय इतिहासापेक्षां कांहीं कमी लागत नाहीं. मुंबईकरांनीं जिला पिढ्यान्‌पिढ्या नुसतें 'फियाट' म्हटलें, आणि टॅक्सीच्या रूपानें जी काळें-पिवळें अंग घेऊन कुलाब्यापासून शीवपर्यंत हिंडली, तिचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. ती जन्मानें इटालियन, नांवानें राजपूत आणि रहिवासानें मुंबईकर !

या मोटारीचें माहेर म्हणजे उत्तर इटलींतील तुरीन शहर. तेथें १८९९ सालीं फियाट कंपनीची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धानंतर कंपनीनें लिंगोत्तो येथें पांच मजली कारखाना उभारला. कच्चा माल खालच्या मजल्यावर शिरे, गाडी मजल्या-मजल्यानें वर चढत जाई आणि पुरी झाली कीं थेट गच्चीवरच्या धांवपट्टीवर तिची चांचणी होई. एवढा थाटाचा कारखाना खरा, पण मोटार घेणारे लोक इटलींत थोडे होते. देश गरीब, पेट्रोल महाग, आणि मध्यमवर्ग अमेरिकेच्या मानानें अगदींच लहान. अमेरिकेंतील शेतकरी फोर्डची गाडी घेऊन बाजाराला जात असतां इटलींतील शाळामास्तर सायकलनें शाळेला जात होता. तेव्हां लहान, कमी तेल पिणारी व तरीहि चार माणसें ऐसपैस बसतील अशी गाडी काढल्याशिवाय कंपनीला गत्यंतर नव्हतें. अशा गरजेंतून १९३२ सालीं 'बालिला' ही ९९५ घनसेंटिमीटरची गाडी निघाली, आणि पांच वर्षांनीं, म्हणजे १९३७ सालीं, तिच्या जागीं एक नवी गाडी आली. तिच्या इंजिनाची धारणा १,०८९ घनसेंटिमीटर होती. हा आंकडा ठोकळमानानें अकराशें धरून लोक तिला आपल्या भाषेंत 'मिलेचेंतो', म्हणजे 'अकराशें' म्हणूं लागले.

या नव्या गाडीवर काम करणारांत दांते जाकोसा या तरुण इंजिनिअराचा हात मोठा होता. १९०५ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें त्याच्या आदल्याच वर्षीं 'तोपोलिनो', म्हणजे 'उंदीरमामा', या लाडक्या नांवानें प्रसिद्ध झालेली चिमुकली मोटार सिद्ध केली होती. मिलेचेंतोंत त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जें केलें तें वरून दिसण्यासारखें नव्हतें. पूर्वीच्या बालिलाचे व्हॉल्व्ह सिलिंडराच्या बाजूला असत. ते आतां डोक्यावर आले, त्यामुळें तेवढ्याच तेलांत अधिक जोर मिळूं लागला. पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांपासून स्वतंत्रपणें खालींवर होऊं लागलीं, म्हणजे एक चाक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्याला त्याचा पत्ता नसे. सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार, आणि शक्ति ३२ घोड्यांची. श्रोत्यांनीं हे ६८ व ७५ चे आंकडे ध्यानांत ठेवावे. पुढें साठ वर्षांनीं कुर्ल्याच्या कारखान्यांत ते पुन्हां भेटावयाचे आहेत.

गाडी साधी असली तरी तिचा पिंड कसदार होता. ज्या एन्झो फेरारीच्या गाड्या पुढें धनवंतांच्या दारीं झुलूं लागल्या, त्यानें १९४० सालीं स्वतंत्रपणें बांधलेली पहिली शर्यतीची मोटार याच मिलेचेंतोचा सांगाडा व इंजिनाचे कांहीं भाग घेऊन बनविलेली होती. महायुद्धानंतर चिझितालिया नांवाच्या कंपनीनें हेंच इंजिन लहान शर्यती मोटारींत बसविलें. गरीब घरच्या मुलीनें लग्नकार्यांत सर्वांच्या नजरा खेंचून घ्याव्या तशांतला हा प्रकार होय.

फ्रान्स व जर्मनी हीं दोन राष्ट्रें तिच्या पहिल्या परक्या बाजारपेठा. परंतु 'परक्या' हा शब्द तेथें जपून वापरावयास हवा. कारण आयात मालावर जबर जकात बसत असल्यानें फियाटनें त्या त्या देशांतच कारखाने घातले अगर घालविले. पॅरिसजवळ नांतेर येथें सिम्का कंपनी मिलेचेंतोच 'सिम्का ८' या नांवानें बनवूं लागली. फ्रेंच गिऱ्हाइकाला ती फ्रेंचच वाटे. १९५१ सालीं सिम्कानें 'आरोंद' नांवाची स्वतःची गाडी काढली व गुरूची शाळा सोडली. जर्मनींत हायलब्रॉन येथें एनएसयू-फियाटच्या कारखान्यांत ती तयार होई व तेथील नदीवरून तिला 'नेकार' असें नांव मिळालें. म्हणजे परदेशीं गेल्यावर नांव बदलून घेण्याची संवय या गाडीला मुंबईस येण्यापूर्वींच लागलेली होती.

युद्धानें सर्वच विस्कटलें. तुरीनवर बाँब पडले. शांतता झाल्यावर कांहीं वर्षें जुनीच गाडी किरकोळ सुधारणा करून विकण्यांत गेलीं. मग १९५३ च्या मार्चमध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत नवी मिलेचेंतो प्रकट झाली. कंपनीच्या दप्तरीं तिचा क्रमांक १०३. नांव तेंच, इंजिनाचीं मापें तींच; पण बाकी सगळा अवतार नवा. पूर्वीं लोखंडी सांगाडा निराळा व वरची पेटी निराळी असे. आतां पेटीच सांगाड्याचें काम करूं लागली, त्यामुळें गाडी हलकी व मजबूत झाली. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर आल्यामुळें पुढची बैठक मोकळी झाली. पुढचे दरवाजे मात्र उलटे उघडत, ते पुढें १९६० च्या सुमारास सुलटे झाले. युद्धाच्या राखेंतून वर येणाऱ्या इटालियन मध्यमवर्गाची ही खरीखुरी कुटुंबाची गाडी ठरली. रविवारीं आजीसह सगळें घर तींत बसून समुद्रावर जाई. १९५७ पासून मोठ्या कांचांची व मागें किंचित्‌ पंख फुटलेली पेटी तिच्या थोरल्या बहिणीला मिळाली. १९६२ सालीं तीच पेटी साधी करून '११०० डी' निघाली. या रूपांत इटलींतील इंजिन वाढून १,२२१ घनसेंटिमीटर झालें होतें. मुंबईच्या रस्त्यांवर पुढें जें रूप स्थिरावलें तें हेंच.

आतां कथा मुंबईला येते. पण ती थोडी मागें नेली पाहिजे. भारतांत मोटारी बनाव्या हें स्वप्न मोक्षगुंडम्‌ विश्वेश्वरय्या यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पाहिलें आणि परदेशांतील कारखाने हिंडून त्याची योजनाहि कागदावर उतरविली. ती उचलून धरणारा गृहस्थ म्हणजे सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. आगगाडीच्या कामांचे ठेके, जहाजें, साखर, विमानें, ज्या ज्या धंद्यांत 'हें हिंदी माणसाचें काम नव्हे' असें म्हटलें जाई, नेमका तोच धंदा हातीं घेण्याची त्यांना खोड होती. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानें मोटारींच्या योजनेस अनुकूलता दाखविली, परंतु १९३९ सालीं मंत्रिमंडळानेंच राजीनामा दिला. युद्धकाळांत दिल्लीच्या इंग्रज सरकारला या कारखान्याची निकड पटली नाहीं. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होऊनहि यंत्रें येण्यास युद्ध संपावें लागलें. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व १९४७ सालीं कुर्ल्यास गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. त्या डॉज व प्लिमथ जातीच्या लांबरुंद अमेरिकन गाड्या होत्या.

येथें एक मौजेचा पेंच उत्पन्न झाला. स्वतंत्र भारतांतील डॉक्टर, वकील, प्रोफेसर यांना डॉज परवडण्यासारखी नव्हती. तिचें तेल पिणेंहि राजेशाही. कंपनीला लहान गाडी हवी होती आणि ती लहान गाडी अमेरिकन कारखानदारांजवळ नव्हतीच. कारण त्यांच्या देशांत तिची गरज नव्हती. गरीब इटलीनें आपल्या गरजेंतून जें सिद्ध केलें होतें तेंच भारताच्या मापाला बसणारें निघालें. १९५० नंतर लौकरच प्रीमियरनें फियाटशीं नातें जोडलें. प्रथम चिमुकली ५०० आली, पण तींत हिंदी कुटुंब मावेना. मग १९५४ पासून नवी मिलेचेंतो कुर्ल्याला जुळूं लागली. शेठ वालचंद मात्र ती पाहावयास नव्हते. ती जिनीव्हांत प्रकट झाली त्यानंतर महिन्याभरांतच, १९५३ च्या एप्रिलमध्यें, त्यांनीं देह ठेवला.

त्याच सुमारास भारत सरकारनें एक निर्णय घेतला आणि त्यानें या मोटारीचें पुढील सर्व आयुष्य ठरून गेलें. जकात मंडळाच्या १९५३ च्या अहवालानंतर असें ठरलें कीं, जे कारखानदार भाग हळूहळू येथेंच बनविण्याची हमी देतील त्यांनींच राहावें. नुसते परदेशी भाग जुळविणारांनीं गाशा गुंडाळावा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी गेली, फोर्डहि गेली. उरले मुख्यतः तिघे : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद. किती गाड्या बनवावयाच्या हें परवान्यानें ठरे. विकावयाच्या कोणत्या किंमतीला, यांतहि सरकारचा हात असे. अशा संरक्षक भिंतीच्या आंत कुर्ल्याच्या कारखान्यानें एक एक भाग देशी करीत नेला. इंजिनाचें ओतकाम, गिअरचे दांते, पत्र्याच्या पेट्या ठोकण्याचे प्रचंड साचे हें सर्व शिकावें लागलें. त्याचबरोबर पुणें-मुंबई परिसरांत लहानमोठे भाग पुरविणारे शेंकडों कारखाने उभे राहिले. आज पुण्याच्या भोंवतीं मोटारधंद्याचा जो विस्तार दिसतो त्याच्या मुळाशीं कुर्ल्यासारख्या कारखान्यांनीं घडविलेले कारागीर आहेत, ही गोष्ट विसरली जाते.

मोटारीचीं नांवें मात्र सारखीं बदलत गेलीं. मिलेचेंतोची 'एलिगंट' झाली, मग 'सिलेक्ट' व 'सुपर सिलेक्ट'. १९६४ पासून ११०० डी ही 'डिलाइट' म्हणून आली. येथें एक बारकावा आहे. इटलींतील डीचें इंजिन वाढलेलें होतें, कुर्ल्यानें मात्र पेटी नवी घेतली आणि इंजिन जुनेंच, ६८ व ७५ चें, ठेवलें. जें ओतावयास व कातावयास हात बसला होता तें कशास सोडावें, हा व्यवहार त्यांत दिसतो. फियाटबरोबरचा करार संपल्यावर तें नांव वापरतां येईना. तेव्हां गाडी कांहीं काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नांवानें 'प्रीमियर पद्मिनी' झाली. लोकांनीं या बारशाकडे लक्ष दिलें नाहीं. नोंदवहींत पद्मिनी, तोंडीं फियाट, असें अखेरपर्यंत चाललें.

तुरीनला काय घडत होतें ? तेथें लोकांच्या हातीं पैसा आला होता. १९६४ पर्यंत मिलान ते नेपल्स हा मोटारींचा महामार्ग पुरा झाला आणि त्यावर अधिक वेगाच्या गाड्या हव्या झाल्या. १९६६ सालीं मिलेचेंतोचा अखेरचा अवतार '११०० आर' निघाला. त्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले व गिअरचा दांडा पुन्हां जमिनीवर आला. १९६९ सालीं ती बंद झाली. तिची जागा घेणारी १२८ ही गाडी जाकोसाच्याच डोक्यांतून निघालेली. तिचें इंजिन आडवें बसविलेलें आणि पुढचीं चाकें गाडी ओढीत. ज्या माणसानें एक घर बांधलें त्यानेंच तें पाडून दुसरें बांधलें. भारतांत पहिलें घर पाडण्याची घाई कोणालाच नव्हती.

यावरून पुष्कळ टीकाकारांनीं कुर्ल्याची थट्टा केली आहे. इटलींत १९६९ सालीं वारलेली गाडी भारतांत आणखी तीस वर्षें 'नवी' म्हणून विकली गेली, हें खरेंच आहे. पैसे भरून वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहावी लागे, रांगेंतील जागा जादा पैसे घेऊन विकली जाई, आणि गाडी घरीं आल्यावर दारें नीट बसत नाहींत म्हणून पुन्हां मिस्त्रीकडे न्यावी लागे. गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसला कीं कारखानदार सुस्तावतो. हा दोष यंत्राचा नव्हे, भिंतीचा. आणि भिंत बांधणाऱ्यांनीं ती केव्हां काढावयाची हें ठरविलें नव्हतें, हा मोठाच प्रमाद होय. परंतु एवढें म्हणून थांबणें न्यायाचें नाहीं. म्हातारी गाडी परदेशांत तरुण म्हणून नांदल्याचीं उदाहरणें इतरत्रहि आहेत. फियाटचीच १२४ इटलींत १९७४ पर्यंत निघाली. रशियांत मात्र तिचे वंशज २०१२ पर्यंत तयार होत होते. जर्मनांची फोक्सवागन 'भुंगा' मेक्सिकोंत २००३ पर्यंत जन्म घेत होता. ज्या देशांत भांडवल दुर्मिळ असतें तेथें साच्यांवर घातलेला पैसा पुरता वसूल झाल्यावांचून साचे मोडीत निघत नाहींत. कुर्ल्याची खरी चूक ही कीं, साचे ठेवतांना आंतलें यंत्र सुधारण्याची जी मोकळीक हातीं होती तीहि फारशी वापरली गेली नाहीं. इटलींत १९६६ सालीं आलेले डिस्क ब्रेक कुर्ल्याच्या रोजच्या गाडीला आले नाहींत. ब्रेकच्या बाबतींत काटकसर करणें ही देशभक्ति नव्हे.

दुसऱ्या बाजूनें पाहतां, मुंबईच्या मध्यमवर्गानें या गाडीवर जीव लावला तो पर्याय नव्हता म्हणूनच केवळ नव्हे. तिची लांबी चार मीटरांहून किंचित्‌ कमी. गिरगांवच्या गल्लींतहि ती वळे. पुढची बैठक सलग, गिअर हातापाशीं. त्यामुळें चालकाशेजारीं दोघांची आणि मागें तिघांची सोय होई, मुलें निराळीं. तिची दुरुस्ती गांवोगांवच्या मिस्त्रीला येई. पावसांत 'डेल्को'त पाणी गेलें तर फडक्यानें पुसून पुन्हां चालू करतां येई. सुटे भाग ऑपेरा हाउसला नवे व कुर्ल्याला जुने मिळत. कलकत्त्यानें अँबॅसडर आपलीशी केली, मुंबईनें फियाट. आणि कोणती श्रेष्ठ यावर त्या दोन शहरांतील माणसें आगगाडींत तासन्‌तास वाद घालूं शकत.

टॅक्सीवाल्यांनीं तर तिला दुसरा जन्मच दिला. पूर्वीं मोठ्या अमेरिकन मोटारीहि टॅक्सी म्हणून चालत. तेल महागलें तसें फियाटचें पारडें जड झालें. मुंबई बेटांत रिक्षांना मुभा नाहीं, माहीम-शीवच्या अलीकडे भाड्याचें लहान वाहन म्हणजे टॅक्सीच. डाव्या बाजूला बॉनेटजवळ बाहेर बसविलेला लोखंडी मीटर, माथ्यावर सामानाचा पिंजरा, आंत देवाची तसबीर. एकाच गाडीवर दिवसा एक व रात्रीं एक असे दोन चालक पोट भरीत. गाडी स्वतःची असणारा मालक तीन तीनदां इंजिन उतरवून सिलिंडर कातून घेई. मग ६८ मिलिमीटरचा आंकडा थोडा थोडा पुढें सरके. २००० नंतरच्या कांहीं वर्षांत या टॅक्सींच्या पोटांत पेट्रोलऐवजीं नळ्यांतला नैसर्गिक वायु आला. तुरीनच्या इंजिनिअरांनीं ज्याची कल्पनाहि केली नव्हती तें इंधनसुद्धां त्या इंजिनानें निमूटपणें पचविलें.

भिंत कोसळली ती १९८३ च्या डिसेंबरांत. जपानच्या सुझुकीच्या साह्यानें मारुतीची ७९६ घनसेंटिमीटरची गाडी निघाली आणि दार एका बोटानें लागणारी गाडी कशी असते हें लोकांना कळलें. प्रीमियरनें १९८५ सालीं फियाट १२४ च्या पेटींत जपानी निसानचें इंजिन घालून '११८ एनई' काढली. पुढें पद्मिनींत डिझेल इंजिन घालून पाहिलें. १९९१ नंतर बाजार मोकळा झाल्यावर फ्रेंच पेजो कंपनीशीं कल्याणजवळ केलेला संसार अल्पायुषी ठरला. १९९६ सालीं फियाटची 'युनो' कुर्ल्यालाच बनूं लागली, म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांनीं तें नांव त्याच आवारांत परत आलें. पण आतां पद्मिनीला त्याचा उपयोग नव्हता. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. १९३७ सालीं तुरीनला ठरलेलीं सिलिंडराचीं मापें तोंवर टिकून होतीं.

रस्त्यावरची पद्मिनी आणखी टिकली. २००८ सालीं महाराष्ट्र सरकारनें टॅक्सींना पंचवीस वर्षांची व २०१३ सालीं वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. धूर व अपघात यांचा विचार करतां नियम योग्यच होता. तथापि ज्यानें जुनी गाडी राखून संसार केला त्याला नव्या गाडीचें कर्ज अंगावर घ्यावें लागलें, आणि पुष्कळांनीं त्या वेळीं परवाना विकून गांवची वाट धरली. मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत दाखल झाली होती. वीस वर्षें भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तिला भाडें घेण्याचा अधिकार उरला नाहीं. हौशी मालकांच्या खासगी गाड्या फेरनोंदणी करून व हरितकर भरून अद्याप रस्त्यावर येतात. त्यांचे दट्टे व कड्या यांसाठीं गिऱ्हाईक आजहि कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या दुकानांतच जातें.